सिस्टरचं स्टूल

"सिस्टर, माथुं दुखे छे. गोळी आपो ने."

दवाखान्याच्या दारात रमीला उभी होती. तिच्या डोक्यावरच कंपनीचा सुतार स्टुलावर चढून नव्या पाटीचे स्क्रू पिळत होता. स्टूल निरुपमाबाईंचं, पाटीही त्यांच्याच नावाची. 'महिला तक्रार समिती. अध्यक्षा: निरुपमाबेन गुप्ते.' जुनी पाटी पत्र्याची होती, ती गंजली होती. आज गांधीनगरहून आमदारांची समिती कारखाना बघायला येणार म्हणून नवी, पितळी, चकचकीत.

"आजच दुखायचं होतं का गं तुझं डोकं?" निरुपमाबाई गुजरातीत म्हणाल्या. "तासाभरात ती मंडळी येतील. ये, पड खाटेवर."

बडोद्याजवळ नंदेसरीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात दुपारचा चहा झाला की पॅकिंगमधल्या कुणा ना कुणा बाईचं डोकं दुखायचंच. आज रमीला, काल ती जशी नावाची, परवा मंगू. सगळ्या कॉन्ट्रॅक्टरच्या बाया. ड्रममध्ये रंगाची भुकटी भरायची, झाकणं ठोकायची, ड्रम लावून ठेवायचे. निरुपमाबाईंना वाटायचं, कामाचा कंटाळा, दुसरं काय! पण त्या कुणाला हाकलत नसत. दहा मिनिटं पंख्याखाली पडल्या तर कंपनीचं काय बुडतंय, असं त्यांचं म्हणणं. घरी कधी विषय निघाला तर हसून म्हणायच्या, "आमच्याकडे डोकेदुखीची पाळी लावलेली असते." बोलल्या ते किती खरं होतं हे त्यांना त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

हरणीहून कंपनीच्या बसने यायचं, दिवसभर बोटं कापलेले, डोळ्यांत काही गेलेले, आम्लाचे थेंब उडालेले कामगार बघायचे आणि संध्याकाळी त्याच बसने परत जायचं, यात त्यांची वीसेक वर्षं गेली होती. गुप्त्यांच्या घरात कुणी एके काळी संस्थानात मोठे अंमलदार होते. तेव्हा घरची सून कारखान्यात पट्ट्या बांधायला जाते म्हणून सासरी सुरुवातीला बरीच नाकं मुरडली गेली. पुढे नवऱ्याची, विश्वासरावांची, गिरणी बंद पडली, ते घरी बसले आणि नाकं आपोआप सरळ झाली. एका गोष्टीचा मात्र बाईंना मनापासून अभिमान होता. कारखान्यातला प्रत्येक माणूस निळा, पिवळा, तांबडा होऊन घरी जायचा. त्यांची पांढरी साडी सकाळी निघताना जशी असे तशीच संध्याकाळी परत येई. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, तुम्ही नक्की कारखान्यातच जाता ना?

तक्रार समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेही असंच. दिल्लीच्या कोर्टाने निकाल दिला की बाया काम करतात तिथे अशी समिती हवी आणि तिच्यावर बाईच हवी. कंपनीत कायम नोकरीतल्या बाया दोनच. एक टेलिफोनवरची पोर, आणि दुसऱ्या या. पर्सनल मॅनेजर मानसिंगरावांनी पेढा हातावर ठेवून सांगितलं, "वहिनी, तुम्ही अध्यक्षा." मानसिंगराव बडोद्याचेच, जुन्या लष्करी घराण्यातले, मराठी मंडळाच्या गणपतीत विश्वासरावांच्या मांडीला मांडी लावून आरतीला बसणारे. बाईंना ही नोकरीही त्यांनीच लावून दिलेली. त्यांना नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षांत एकही तक्रार आली नाही. मानसिंगराव ते कंपनीचं नाव म्हणून सांगत, आणि खरं तर बाईंनाही त्यात थोडं आपलं कौतुक वाटे.

सुतार गेला. वैशाखाची तलखी होती. रमीला खाटेवर पडायच्या ऐवजी काठावर बसली होती आणि त्या उकाड्यातही तिने पदर घट्ट लपेटून घेतला होता.

"पदर सोड की जरा. वारा लागू दे."

ती काही सोडेना. बाईंनी टॉवेल ओला केला, तिची मान पुसायला घेतली, आणि पुसता पुसता पदर खांद्यावरून सरकला. टॉवेलचं पाणी मानेवरून पाठीत उतरलं. फिक्या ब्लाउजवर आधी एक नारिंगी रेघ उमटली, मग दुसरी, मग तिसरी. रंगाची भुकटी कोरडी असते तोवर विटेच्या धुळीसारखी दिसते. पाणी लागलं की ती पेटते. बघता बघता पाठीवर अख्खा पंजा उमटला. रुंद, पुरुषाचा, पाठीवरून बगलेकडे वळलेला.

निरुपमाबाईंचा हात तिथेच थांबला. बाया हातमोजे घालून ड्रम भरतात. उघड्या हाताने रंग चाळणारा माणूस एकच होता, नमुने घ्यायला फिरणारा सुपरवायझर.

"हर्षदभाई?"

रमीलाने मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाली, "सॅम्पल लेवा आव्या'ता."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस का? बाहेर एवढी पाटी आहे ती कशासाठी?" बाईंचा आवाज चढला. खरं म्हणजे त्या घाबरल्या होत्या.

रमीलाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"अमे तो रोज आवीए छीए, सिस्टर." आम्ही तर रोज येतोच की तुमच्याकडे, म्हणाली.

मग तिने तुटक तुटक सांगितलं. चहा झाला की पुरुष कॅन्टीनला जातात, शेडमध्ये फक्त बाया उरतात. तेव्हा हर्षदभाई बाटली घेऊन येतो. ड्रमांच्या दोन रांगांमध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट असते. तो एकीला हाक मारतो, झाकण उघडायला. काल जिला हाक मारली तिला आज बायाच इकडे धाडतात, जा, तुझं डोकं दुखतंय. आज रमीलाला निघायला उशीर झाला, ती सापडली. सगळ्यांना वाटत होतं, सिस्टरला माहीत आहे. माहीत आहे म्हणून तर ती काही विचारत नाही, खाट देते, गोळी देते, दार लोटून घेते.

निरुपमाबाई स्टुलावर बसल्या. दोन वर्षं तक्रारी त्यांच्या खाटेवर येऊन पडत होत्या आणि त्या प्रत्येकीला डोकेदुखीची गोळी देत होत्या. त्यांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"आज ती मंडळी विचारतील. तू बोलशील?"

"ना, ना." ती ताडकन उठली. कॉन्ट्रॅक्टर सगळ्यांना कामावरून बंद करेल. नवऱ्याच्या कानावर गेलं तर तो घरात घेणार नाही. "मारुं नाम ना लेता, सिस्टर. सोगंद खाओ."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मग कपाटातून आपला जादाचा ब्लाउज काढला, पांढरा, इस्त्रीचा. भिजलेल्या ब्लाउजवर तो पंजा घेऊन ती बाहेर कशी जाणार? रमीला घेईना. खराब होईल म्हणाली. बाईंनी पडदा ओढून जबरदस्तीने तिच्या अंगात घातला. तेवढंच त्या क्षणी त्यांना सुचलं.

ती गेली आणि पाचच मिनिटांत मानसिंगराव आले. पाटीवरून रुमाल फिरवत म्हणाले, "वहिनी, सारू, मस्त दिसते हं पाटी. हे बघा, पगाराचं मी सांभाळतो. तुम्हाला एकच विचारतील. एकही तक्रार नाही म्हणायचं, बस. खोटं थोडंच आहे ने?"

"तक्रार असती तर?"

"तर आपण घरातल्या घरात बघितलं असतं ने. आपल्याच माणसांची कंपनी आहे." ते हसले. "विश्वासराव काय म्हणतात? पायाला आराम?"

समिती आली ती पाऊण तास उशिरा. तीन आमदार, एक सचिव. कॅन्टीनमध्ये मांडववाल्याच्या खुर्च्या, त्यांना पांढऱ्या खोळी. बायांना आणून बसवलं तेव्हा त्या खोळींना रंग लागेल म्हणून सगळ्या अगदी काठावर, अंग चोरून बसल्या. टेकायची कुणाची छाती झाली नाही.

मंडळी वाईट नव्हती. पगाराच्या मुद्द्यावर तर त्यांच्यात चांगलीच जुंपली. एकाच ड्रमला एकच भुकटी भरणाऱ्या पुरुषाला जास्त रोज आणि बाईला कमी, हे का, असं समितीच्या अध्यक्षा ताराबेन विचारत होत्या. थोराड अंगाची, सुजल्या पायांची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारचे वयस्क आमदार म्हणाले, "बेन, बाई पुरुषाएवढा ड्रम उचलत नाही."

"ड्रम तर पुरुषही उचलत नाही. ट्रॉली उचलते. तिला द्या मग जास्त पगार."

बाया पदराआड हसल्या. तिसरे तरुण आमदार म्हणाले, रोज सारखा केला तर कॉन्ट्रॅक्टर बाया घेणंच बंद करेल, मग यांचंच नुकसान. ताराबेन म्हणाल्या, हे वाक्य मी विधानसभेत इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याची चाल पाठ झाली आहे. असं चाललं होतं. मानसिंगरावांनी कागद काढून दाखवले, सचिवांनी लिहून घेतलं, बिस्किटं फिरली, घड्याळं पाहिली गेली. गाडीला परत गांधीनगर गाठायचं होतं.

"आता दुसरा मुद्दा," ताराबेन म्हणाल्या. "तक्रार समितीच्या अध्यक्षा कोण?"

निरुपमाबाई उभ्या राहिल्या. मानसिंगरावांनी लांबून मान हलवली, बोला, बोला.

"लेखी तक्रार एकही नाही," त्या म्हणाल्या.

ताराबेनच्या पेनाने शून्य काढलंसुद्धा.

"पण बेन, मी आज माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दुपारी, दवाखान्यात. बाईच्या अंगावर हाताचा रंग होता. आणि हे आजचं नाही. रोजचं आहे."

वयस्क आमदारांनी बिस्कीट बशीत ठेवलं.

"नाम आपो," सचिव म्हणाले.

"बाईचं नाव मी सांगणार नाही. तक्रार माझी म्हणून लिहा. निरुपमा गुप्ते."

सचिवांनी मान वर केली. तक्रार समितीच्या अध्यक्षेलाच तक्रारदार होता येत नाही, नियमात बसत नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. तरुण आमदार म्हणाले, पाहिलेल्याची साक्ष होते, तक्रार होत नाही. वयस्क म्हणाले, मुळात जागृती नाही, भित्तिपत्रकं लावली पाहिजेत. तिघांत पुन्हा वाद सुरू झाला आणि निरुपमाबाईंना उभ्या उभ्या जरा हायसं वाटलं. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि शपथ मोडली नव्हती.

मग त्यांचं लक्ष मानसिंगरावांकडे गेलं. मानसिंगराव त्यांच्याकडे बघतच नव्हते. बायांच्या रांगा बघत होते, एकेक, शांतपणे. त्यांच्या मागे दाराशी हर्षदभाई आणि कॉन्ट्रॅक्टर उभे होते, तेही तिकडेच बघत होते. बाईंनी त्यांच्या नजरेमागे नजर नेली. विटलेल्या, डागाळलेल्या, रंगांनी माखलेल्या त्या तीस-चाळीस बायांत एकीच्या बाह्या पांढऱ्याशुभ्र होत्या. कडक इस्त्रीच्या. कारखान्यात तसलं पांढरं आणखी एकाच बाईच्या अंगावर होतं.

रमीलाच्याही ते लक्षात आलं. तिने हळूहळू दोन्ही हातांवरून पदर ओढून घेतला.

निघण्याआधी ताराबेन हातपाय धुवायला दवाखान्यात आल्या. मोरीतून बाहेर येऊन खाटेच्या त्याच काठावर टेकल्या आणि म्हणाल्या, "एक गोळी आपो, बेन. माथुं फाटे छे."

बाईंनी गोळी आणि पाणी दिलं.

"मी लिहिलंय," ताराबेन म्हणाल्या. "शेरा म्हणून का होईना, अहवालात जाईल. सभागृहात मी पगारावर बोलले की निदान बाकं वाजवतात. यावर बोलले की हसतात. तरी बोलते." त्यांनी पाणी संपवलं. "कायदा होईल कधीतरी. आपण असू की नसू." चपला शोधता शोधता त्यांनी सहज विचारलं, "तो माणूस शेडमध्ये जातो तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"इथंच. दवाखान्यात."

ताराबेन उठल्या. पेला परत दिला आणि गाडीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी रमीला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी जशी, मंगू, कुणीच आलं नाही. कॉन्ट्रॅक्टरने टोळी बदलली होती. त्याचा हक्कच आहे तो, मानसिंगराव म्हणाले. हर्षदभाईला केबिनमध्ये बोलावून समज दिली होती, हेही त्यांनी सांगितलं.

"वहिनी, मी तुम्हाला घरातली समजत होतो. मला विचारायचं तरी होतं ने आधी."

निरुपमाबाईंना खूप बोलायचं होतं. पण विश्वासरावांचा पाय, घराचे हप्ते, नोकरीची राहिलेली दोन वर्षं, सगळं आडवं आलं. मानसिंगरावांना त्यांची दयाच आली असावी, त्यांनी चहा मागवला.

रविवारी त्या रमीलाची वस्ती शोधत गेल्या, रुळांच्या पलीकडे. खोलीला कुलूप होतं. शेजारणीने त्यांना बघितल्याबरोबर आतून पिशवी आणून दिली. नर्सबाई येतील, त्यांना द्या, असं सांगून रमीला दाहोदकडे गावाला गेली होती. एकटीच. पिशवीत ब्लाउज होता. धुतलेला, गादीखाली ठेवून घडी बसवलेला. त्यावर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. तिला किती वेळा घासावा लागला असेल हे बाईंना कळलं आणि तिथे परक्या दारात उभ्या उभ्या त्यांना रडू आलं.

महिन्याभराने आमदारांच्या समितीची पत्रं आली. बायांचा रोज थोडा वाढला, पुरुषांएवढा नाही, पण वाढला. भित्तिपत्रकंही आली. एक दवाखान्याच्या दारावर लागलं, पितळी पाटीच्या बरोबर खाली. त्याच दुपारी, चहानंतर, दारात एक अनोळखी मुलगी येऊन उभी राहिली. नव्या टोळीतली, नुकतं लग्न झालेली, हातात अजून चुडा.

"सिस्टर, माथुं दुखे छे."

निरुपमाबाईंनी गोळ्यांच्या डब्याकडे हात नेला आणि मागे घेतला. कोणी सांगितलं असेल हिला? जुन्या बायांपैकी तर एकही उरली नव्हती. एवढ्यात हिची हिलाच वाट सापडली होती.

"पड तू इथं. आतून कडी लाव," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपलं स्टूल उचललं.

पॅकिंगच्या शेडमध्ये त्या यापूर्वी कुणी पडलं-झडलं तरच गेल्या होत्या, आणि तेही नाकाला रुमाल लावून, साडी सावरून. त्या दिवशी त्यांनी दोन रांगांच्या मधल्या अरुंद वाटेवर स्टूल ठेवलं आणि ड्रमला पाठ लावून बसल्या. नव्या बाया काम थांबवून बघत राहिल्या. थोड्या वेळाने हर्षदभाई बाटली घेऊन आला.

"सिस्टर? तमे अहीं?"

"हो ना. डोकं दुखतंय माझं," त्या गुजरातीत म्हणाल्या. "तिकडे एकटीला करमत नाही."

त्याला पुढे जायला वाट नव्हती. झाकण त्याने स्वतःच उघडलं, नमुना घेतला आणि गेला.

आठवड्याने मानसिंगराव स्वतः शेडमध्ये आले. "वहिनी, हे काय चालवलंय? हे तुमच्या ड्युटीत बसत नाही."

"पाटी तुम्हीच लावलीत ने," निरुपमाबाई म्हणाल्या. त्यांना भांडायचंही त्राण नव्हतं. "अध्यक्षा आहे. बसले आहे."

भुकटी उडत होती, मानसिंगरावांना ठसका लागला. ते गेले आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. गणपतीत मात्र ते विश्वासरावांपासून जरा लांब बसले.

हे असं किती दिवस चालणार, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. दोन वर्षांनी त्या घरी बसतील. स्टूल दवाखान्यात परत जाईल. तो माणूस दुसरी वेळ शोधेल, कदाचित शोधलीही असेल. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की हे सगळे विचार येत, आणि छाणीचा नाका येईपर्यंत त्यांचा डोळा लागे. दुसऱ्या दिवशी चहा झाला की त्या पुन्हा स्टूल उचलत.

शेडमध्ये बसल्या त्या पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखी साडी बादलीत टाकली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. दिवसभर ती पांढरीच दिसत होती, फार तर धुळकट. पाणी लागलं आणि घडीघडीतून नारिंगी रंग सुटू लागला. बघता बघता बादलीभर पाणी लालभडक झालं.

विश्वासराव काठी टेकत मोरीच्या दाराशी आले. "अगं, हे काय? वीस वर्षांत कधी डाग नाही लागला तुझ्या साडीला."

"हो ना," निरुपमाबाई म्हणाल्या. त्यांनी पाणी मोरीत ओतून दिलं, बादली नळाखाली सरकवली आणि ती परत भरेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.